ऊदवाली

सकाळी आठच्या सुमारास निवृत्तीने तेरणेच्या डोहाकाठी डिझेल इंजिन उतरवलं. नदीत पाणी उरलं होतं ते तिथेच. गावचे आड आटले होते आणि नुकत्याच फोडलेल्या नव्या जिल्ह्याचा टँकर निलंग्यापर्यंत आलाय, एवढंच रोज ऐकू यायचं.

त्याची भावजय धुरपताबाई आधीच खडकावर येऊन बसली होती.

“वैनी, घागर न्हाई आनली?”

“तुझं इंजन पानी गावात नेनार हाय ना? मग घागर कशाला?”

चार वर्षांमागे याच डोहात तिचा नवरा केरबा पाइपाच्या तोंडचा गाळ काढायला बुडी मारून गेला, तो वर आलाच नाही. गळ टाकले, जाळी ओढली. देह मिळाला नाही.

पुढच्या वर्षी जंगलखात्याचा माणूस सांगून गेला, “सोमवारी डोहात ऊद सोडायचेत.” गावाला ऊद ठाऊक तो दर्ग्यात जळणारा. सरकार केरबासाठीच काही करतंय असं धरून धुरपताबाई निखाऱ्यांवर ऊद घालून घेऊन आली. जीपमधून पिंजरा उतरला. दार उघडताच ऊद, म्हणजे पाणमांजरांची जोडी, सळकन पाण्यात गेली. पूर्वी ती या नदीत होती, कातड्यापायी मारून संपवली, असं त्या माणसाने सांगितलं. तोवर लोक धुरपताबाईच्या हातातल्या धुराकडे बघून हसत होते. तेव्हापासून ती ऊदवाली.

पाणमांजरांनी भोयांची जाळी फाडली. खडकावर माशांच्या खवल्यांची घाण केली. आणि दिवस मावळताना पलीकडच्या काठावरून ती शिट्टी घालू लागली. केरबा तिथूनच तशी शिट्टी घालायचा, भाकर आण म्हणून.

धुरपताबाई रोज एक भाकरी पलीकडे ठेवू लागली. सकाळी भाकरी नसायची. कुत्री खात असतील, असं निवृत्ती म्हणायचा. पाणमांजर भाकरी खात नाही, हे तिलाही माहीत होतं.

नऊच्या आत सरपंच शंकरप्पा आले.

“धुरपता, पानी उपसलं तर ऊदांचं काय करायचं, नव्या हापिसात इचारलं. ते म्हनतेत, ऊद जुन्या जिल्ह्याच्या कागदात. आमच्याकडं उदबत्ती बी न्हाई.” मागे कुणी तरी हसलं. शंकरप्पांनी आवाज खाली आणला. “लेकरं पानी मागायलेत. पर तुला इचारल्याबिगर इंजन चालू करनार न्हाई.”

पाणी गेलं की ऊद जाणार, शिट्टी जाणार. तळाशी केरबा असला तर साऱ्या गावासमोर उघडा पडणार. ती निवृत्तीकडे वळली.

“चालू कर. गाळ लागला की बंद. तळ उघडा करू नको. तुझा भाऊ हाय तितं.”

“वैनी, आता काय ऱ्हायलं असंल...”

“हाव म्हन.”

“हाव.”

दुपारपर्यंत गावातले हौद निम्मे भरले. मग पाइपात गाळ अडकला. निवृत्ती मांडीभर पाण्यात उतरला, पाइप ओढून काठावर आणला आणि इंजिनाचं हँडल काढून खांद्यावर टाकलं.

“अजून हाय की पानी,” काठावरचे म्हणाले.

“बास,” तो म्हणाला आणि घराकडे निघाला.

दिवस मावळला. शिट्टी झाली नाही. तरी धुरपताबाई भाकरी ठेवून आली.

सकाळी खालच्या अंगाला, वाळूत, पाणमांजरांच्या पंजांचे ठसे दिसले. पुलापर्यंत. पुढे खडक आहे.

पलीकडच्या काठावर भाकरी तशीच होती.