फोटो जुळत नाही

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी दुकानात कॉम्प्युटरवर एका नवरदेवाच्या कपाळावरचा मुरूम पुसत होतो. बायको गेली म्हणाले. मी 'बरं' म्हणालो आणि राहिलेला मुरूम पुसला. का पुसला, ते मला सांगता येत नाही.

त्याला पाच महिने झाले. आमचा फोटो स्टुडिओ आहे. गिऱ्हाइकांचे चेहरे साफ करायचं काम माझं. लेकीचे फोटो मात्र बायकोच करायची. लेक पंधराची आहे. तिच्या डाव्या गालावर जन्मापासून जांभळा डाग आहे, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत.

परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो हवा होता. आई गेल्यापासून लेकीला बाहेर पडायचं जिवावर येतं. कशीबशी स्टुलावर बसली. दुकानात दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी फोटो काढला, नेहमीसारखा हात फिरवला, आठ प्रती कापून पाकिटात घातल्या. तिने पाकीट उघडलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण तिला ओढत शाळेच्या कार्यालयात घेऊन गेली. या मैत्रिणीचा ओठ जन्मतः फाटलेला होता, लहानपणी शिवलाय. दोघींची ओळख दवाखान्याच्या बाकावरची. ती लेकीला नकाशा म्हणते, लेक तिला टाका म्हणते. मला ते आवडायचं नाही. बायको हसायची.

संध्याकाळी दोघी दुकानात आल्या. लेक थेट आतल्या खोलीत गेली. मैत्रिणीने पाकीट माझ्यापुढे ठेवलं.

"काका, कारकुनाने फोटो हिच्या तोंडाशेजारी धरला. म्हणे, बहिणीचा आणलास का? अख्खी रांग बघत होती."

मी फोटो पाहिला. गाल स्वच्छ होता.

"हाताची सवय गं," मी म्हणालो.

"माझाही ओठ सरळ करून दिला असता का?"

"तोही फुकट." विनोद करायला गेलो. ती हसली नाही.

"ए टाका, गप बस," म्हणत लेक दारात आली. "बाबा, चुकून पुसलात, की तुम्हाला नकोच होता?"

"अगं, गिऱ्हाइकं होती, घाईत..."

"आईलाही घाई असायची."

"चल नकाशा, मी मोबाइलवर काढते," मैत्रीण म्हणाली.

"मागे पांढरा पडदा लागतो," मी म्हणालो.

"मग द्या की पडदा!"

मी पडदा काढून दिला. पण लेक म्हणाली, आज नको, रडून तोंड सुजलंय.

चार दिवस झाले. लेक शाळेत गेलेली नाही. मैत्रीण रोज येते, जिन्यात बसून दोघी काहीबाही बोलतात. फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचा आहे. डाग मी चुकून पुसला, हे खरं. तो मला कधीच आवडला नव्हता, हेही खरं. ही दोन्ही एकदम कशी सांगायची ते बायकोला विचारलं असतं.

लेकीला अजून उत्तर दिलेलं नाही. फोटोही काढायचा राहिलाय.