टाकीतली पावडर

वसमतच्या कॉलेजात बी.एस्सी. करणारा शिवहार सकाळी ओसरीवर चहा घेत होता. कॉलेजच्या ग्रुपवर संदेश आला: 'गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांत विषारी पावडर टाकणारी टोळी फिरतेय. सावध राहा, पुढे पाठवा.' कोणी लिहिलं, कुठं घडलं, काहीच नव्हतं. चहा संपायच्या आत शिवहारनं तो गावच्या ग्रुपवर टाकला.

दुपारी त्याखाली कोणीतरी फोटो चिकटवला. टाकीच्या शिडीवर, हातात डबा घेतलेले ग्यानोबा. बुद्धविहारामागं राहणारे ग्यानोबा ग्रामपंचायतीचं पाणी सोडत; टाकीत औषधाची पावडर टाकणं त्यांचं कामच होतं. शिवहारला ते ठाऊक होतं. तरी फोटो मोठा करून तो डबा न्याहाळत बसला. खरंच असलं तर? त्यानं काहीच लिहिलं नाही.

संध्याकाळी पारावर माणसं जमली, ग्यानोबांना बोलावून घेतलं.

"डब्यात काय व्हतं?"

"नेहमीचीच पावडर," ग्यानोबा म्हणाले. "वास घेऊन बघा की."

"त्या वस्तीतला माणूस पाण्यावर ठेवलाच काहून?" मागून कोणी बोललं. त्याला कोणी अडवलं नाही. शिवहारनंही नाही.

ग्यानोबांचं काम गेलं. लोक नळ सोडून ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीचं पाणी भरू लागले. मग घरोघरी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. शिवहारची देवला नावाची लहानगी भाची दवाखान्यात नेताना वाटेतच गेली. तपासणीत विहिरीचं पाणी दूषित निघालं, टाकीचं स्वच्छ.

शिवहारनं ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. ते कोणी पुढं पाठवलं नाही. तो ग्यानोबांच्या दारात जाऊन रडू लागला. त्यांची बायको रुक्माबाई उंबऱ्यातच उभी राहिली.

"आमच्या दारात रडून काय व्हतं, लेकरा? ज्याच्या ज्याच्या कानात घातलंस, त्याच्या कानातून काढ."

तेव्हापासून शिवहार दारोदार जाऊ लागला. कोणी ऐकलं, तर कोणी 'ग्यानोबानं तुला किती पैसे दिले?' असंही विचारलं. पाण्याला निघालेल्या शेजारच्या चंद्रभागाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"समदं बराबर हाय, बाबा. पर हे मोबाईलात कुठं आलंय, ते दाखव."

"मी टाकलं व्हतं, मावशी. कोणी फिरवलंच न्हाई."

"मग कसं खरं मानावं?"

त्यांनी हंडा उचलला आणि विहिरीचीच वाट धरली. शिवहार बोलत बोलत त्यांच्यामागं निघाला.