आतल्या माणसाशी बोलत राहणे

कुलूप लागल्याचा खट असा आवाज आला. लिफ्टमास्तरांनी समाधानानं मान हलवली आणि काचेच्या फटीतून आत म्हणाले, "लागलं. आता उघड."

त्यांची बायको गाडीच्या आत, डाव्या बाजूच्या पुढच्या सीटवर मांडीवर टॉर्च घेऊन बसली होती. तिनं डॅशबोर्डवरचं कुलपाचं बटण दाबलं. दाराच्या पोटात नवी मोटर घर्र करून फिरली आणि थांबली. दार जसंच्या तसं.

"परत दाब."

घर्र.

मग लिफ्टमास्तरांचं लक्ष स्वतःच्या डाव्या हाताकडे गेलं. मुठीत एक पिवळी, नखाएवढी प्लास्टिकची क्लिप होती. कुलपाची मोटर आणि कडी यांना जोडणारी सळई जागेवर धरून ठेवायची, एवढंच तिचं काम. बाहेरची किल्लीही त्याच सळईवर चालायची. ते काम करायला ती आत्ता दाराच्या आत असायला हवी होती.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. त्यावरून बायकोला काय ते कळलं.

गेले आठ महिने हे दार आतून उघडत नव्हतं. कुठंही गेलं की लिफ्टमास्तर उतरायचे, गाडीला वळसा घालायचे आणि बाहेरून किल्लीनं दार उघडून बायकोला उतरवून घ्यायचे. बघणाऱ्यांना वाटायचं, काय प्रेमळ माणूस आहे. बायको त्या बघणाऱ्यांकडे अशी बघायची की ते दुसरीकडे बघायला लागायचे. गॅरेजमध्ये टाका म्हणून ती मागं लागली होती. पण ज्या माणसानं चौतीस वर्षं शहरभरच्या लिफ्टची दारं दुरुस्त केली, त्यानं दारासाठी दुसऱ्याच्या दारात जायचं, हे लिफ्टमास्तरांच्या बुद्धीला पटत नव्हतं. आज मात्र बायको बहिणीकडे निघाली होती आणि दार धड झाल्याशिवाय मी त्या गाडीत बसणार नाही, बसनं जाईन, असं तिनं चहाच्या वेळीच सांगून टाकलं होतं. म्हणून सकाळी त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, ढकलत नेऊन उजव्या बाजूनं पार्किंगच्या भिंतीला चिकटवली, म्हणजे डावं दार ऐसपैस उघडेल, आणि फक्त टॉर्च धरायला म्हणून बायकोला आत बसवून, दाराचं आतलं आवरण काढून कामाला सुरुवात केली.

चूक झाली ती सवयीमुळे. लिफ्टचं दार आधी बंद करायचं आणि मग तपासायचं. उघड्या दारानं लिफ्ट हलतच नाही. गाडीचं नेमकं उलटं. दार उघडं ठेवायचं, कडी स्क्रूड्रायव्हरनं पाडायची, बटण दाबून बघायचं, आणि सगळं ठीक असेल तरच दार लावायचं. मुलानं पाठवलेल्या व्हिडिओत हे अगदी स्पष्ट सांगितलं होतं. लिफ्टमास्तरांनी तो अर्धाच पाहिला. सांगणारा पोरगा त्यांना दारांच्या बाबतीत कच्चा वाटला होता.

"मग मी ड्रायव्हरच्या बाजूनं उतरते," बायको म्हणाली.

"तिकडे भिंत आहे."

"मागच्या दारानं?"

मागचं डावं दार गेली दोन वर्षं 'बघतो' या सदराखाली होतं. शिवाय तिच्या गुडघ्यांना दोन सीटांमधून मागं जाणं झेपलंच नसतं. काचेचं बटण काढलेल्या आवरणावर होतं आणि आवरण बाहेर भिंतीला टेकून उभं होतं. काच चार बोटं खाली होती, ती तेवढीच राहणार होती.

एवढ्यात इमारतीचा सेक्रेटरी आला. हा माणूस पार्किंगमध्ये कोणी वाकलेलं दिसलं की हटकून येई. त्यानं कमरेवर हात ठेवून परिस्थितीची पाहणी केली.

"काच फोडा, मास्तर," तो म्हणाला.

"ती आत बसलीय."

"मग डिकीतून घ्या त्यांना. सीट पाडायची आणि सरळ ओढायचं."

"मी काय गादी आहे का?" आतून आवाज आला. सेक्रेटरी एक पाऊल मागं सरला, पण गेला नाही.

लिफ्टमास्तरांनी तार वाकवून फटीतून घातली. तार नको तिथं अडकली. ती सोडवता सोडवता त्यांनी सहज बायकोकडे पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. तिनं टॉर्च खाली ठेवला होता आणि गळ्याशी हात नेला होता. ओठ किंचित उघडे. श्वास वरच्या वर. ही खूण त्यांनी शेकडो वेळा पाहिली होती, जाळीतून, फटीतून, दोन मजल्यांच्या मधल्या अंधारातून. आणि आयुष्यात पहिल्यांदा ती बघून ते स्वतः घाबरले.

खात्यात नवीन माणसाला पहिल्या दिवशी दोन नियम पाठ करायला लावत. एक, आतल्या माणसानं कशालाही हात लावायचा नाही. दोन, दार उघडेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहणे. पहिला मोडला तर बोट जातं, दुसरा मोडला तर माणूस हातचा जातो, असं त्यांचा साहेब म्हणायचा. लिफ्टमास्तरांनी तार खाली टाकली, काचेच्या फटीला तोंड लावलं, आणि त्यांच्या तोंडून आपोआप तो जुना, मऊ, कामावरचा आवाज निघाला.

"नमस्कार. घाबरू नका. मी लिफ्टखात्यातून आलोय. आपण आत किती जण आहात?"

बायकोनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. सेक्रेटरीनंही पाहिलं.

"एकच," ती जरा वेळानं म्हणाली.

"छान. हवा भरपूर आहे, काळजी करायची नाही. मी इथंच उभा आहे, कुठं जात नाही. आपलं नाव काय?"

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"सांगा ना. वहीत लिहावं लागतं."

तिनं फटीशी तोंड नेऊन, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं हळूच नाव सांगितलं. लिफ्टमास्तरांनी ते मनात घोळवलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि त्यांचं सगळं 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावर भागलं होतं.

"कुठं निघाला होता आपण?"

"बहिणीकडे." तिचा हात गळ्यावरून खाली आला होता. आवाजात हसू होतं. "अहो, तुम्ही लोकांशी असं बोलायचात?"

"असंच. किती दिवसांसाठी जाताय?"

यावर ती हसली नाही. पुढं बघत बसली. लिफ्टमास्तरांनी तिच्या डोक्यामागून मागच्या सीटकडे पाहिलं. चार दिवसांसाठी म्हणून निघालेल्या बाईच्या दोन मोठ्या बॅगा तिथं होत्या, आणि त्यांच्या मधोमध, चादरीत गुंडाळलेलं, तिचं शिवणयंत्र. चादरीतून हँडल वर आलं होतं. दूधवाल्याला सांगून तिनं ते पहाटेच खाली आणवलं असणार. आयुष्यभर तिनं ज्याच्यावर लोकांचे कपडे शिवले, मुलाचे शाळेचे गणवेश शिवले, ते यंत्र. चार दिवसांसाठी कोणी शिवणयंत्र नेत नाही.

"परत कधी येणार?" त्यांनी विचारलं. आवाज मऊच होता, पण आता तो कामावरचा राहिला नव्हता.

"ठरवलं नाही."

सेक्रेटरीला अचानक पलीकडची पाण्याची टाकी तपासावीशी वाटली.

"का?" लिफ्टमास्तर म्हणाले.

"हे तुम्ही सगळ्यांना विचारायचात?"

"हो."

"आणि लोक सांगायचे?"

"सगळं सांगायचे." ते खरंच होतं. एका माणसानं पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये त्यांना सांगितलं होतं की त्याची नोकरी सुटलीय आणि घरी अजून माहीत नाही. एका म्हातारीनं आपल्या तिन्ही सुनांची वर्णनं केली होती, आणि दार उघडलं तेव्हा तिसरी अर्धीच झाली म्हणून ती नाराज झाली होती.

"तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मी आले होते ना," बायको म्हणाली. "एकेक जण उठून सांगत होता, मास्तर काय गोड बोलतात, मास्तर बोलायला लागले की भीती पळते. मला वाटलं, मी चुकीच्या कार्यक्रमाला आले. पण हारावर नाव तुमचंच होतं."

लिफ्टमास्तरांनी घसरलेला चष्मा वर सरकवला.

"मग मी म्हटलं, असेल. तिकडे संपत असेल सगळं. आता घरी राहतील, आता माझा नंबर लागेल. तीन वर्षं झाली. सकाळी 'चहा', दुपारी 'पंखा', रात्री 'दिवा'. दिवसाला तीन शब्द, अहो. माझी बहीण दिवसभर भांडते माझ्याशी. पण निदान भांडते तरी."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती भाजीचा हिशोब सांगावा तसं बोलली. लिफ्टमास्तरांना मनापासून लाज वाटली, आणि ती लपवायला हातात तारसुद्धा नव्हती. अशा वेळी काय म्हणायचं, हे खात्यानं शिकवलेलं नव्हतं.

"तू अडकलीयस असं मला कधी वाटलंच नाही," ते म्हणाले.

मग तिनं टॉर्च उचलला आणि दाराच्या उघड्या पोटात उजेड पाडला.

"यात काय कुठं आहे ते सांगा."

"नको. आतल्या माणसानं कशालाही..."

"ते तुमच्या वहीत ठेवा. हात माझे आहेत. सांगा."

लिफ्टमास्तरांनी चौतीस वर्षांत पहिला नियम कधी मोडला नव्हता. त्यांनी मुठीतली क्लिप फटीतून आत दिली.

"वरच्या बाजूला मोठं भोक आहे, त्यातून हात घाल. हळू, पत्र्याला धार आहे. मागं एक बारीक सळई लोंबतेय, लागली?"

"लागली. थंडगार आहे."

"तिचं टोक वाकडं आहे. ते कडीच्या भोकात घालायचं आणि वरून क्लिप फिरवून दाबायची. दिसणार नाही. अंदाजानं..."

"बॉबिन काय मी बघून बसवते?" ती म्हणाली. कोपरापर्यंत हात दारात, डोळे समोरच्या भिंतीवर, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात. सुईत दोरा ओवताना ती अशीच दिसायची. हे आपल्याला माहीत आहे, याचं लिफ्टमास्तरांना स्वतःलाच नवल वाटलं.

बारीक टक् असा आवाज आला. तिनं हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि बटण दाबलं.

खट.

लिफ्टमास्तरांनी हँडल ओढलं. दार लोण्यातून आल्यासारखं उघडलं. टाकीकडून सेक्रेटरीनं दोन टाळ्या वाजवल्या आणि कोणी साथ दिली नाही म्हणून थांबवल्या.

ती उतरली नाही. लिफ्टमास्तर दार धरून उभे राहिले. चौतीस वर्षं दार उघडलं की त्यांचं काम संपायचं. वहीवर सही घ्यायची आणि निघायचं.

"दार उघडलं की बोलणं बंद, असंच आहे का?" तिनं विचारलं.

"नियम तसाच आहे," ते कसेबसे म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या हातातून दार ओढून घेतलं आणि आपल्या हातानं लावून टाकलं. मग काचेच्या फटीजवळ तोंड आणलं.

"हं. बोला."

लिफ्टमास्तर वाकले. घामानं चष्मा घसरत होता. "कधी परत येशील?" त्यांनी विचारलं. "मला... घरी बरं वाटणार नाही."

ती थोडा वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. तेलाचा काळा डाग नखात गेला होता.

"चार दिवस राहीन म्हणते," ती शेवटी म्हणाली. "तेवढं यंत्र वर नेऊन ठेवा. बॅगा राहू देत. आणि ऐका, रस्ता दोन तासांचा आहे. 'पंखा' आणि 'दिवा' यावर तो निघायचा नाही."

यंत्र डिकीतून काढताना सेक्रेटरीची 'सीट पाडायची आणि सरळ ओढायचं' ही युक्ती कामाला आली, त्यामुळे तो दिवसभर खूश होता. ज्या माणसानं शहरभर लिफ्ट चालत्या ठेवल्या, त्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. लिफ्टमास्तर लोखंडी यंत्र छातीशी धरून तीन मजले चढले. प्रत्येक जिन्यावर थांबून दम घेतला आणि दोन तासांत काय बोलायचं याची तयारी केली. पहिल्या मजल्यावर काहीच सुचलं नाही. दुसऱ्यावर त्या म्हातारीच्या तीन सुना आठवल्या. त्या निदान अर्ध्या तासाच्या होत्या.

खोलीत येऊन ते खिडकीशी गेले आणि यंत्र हातात घेऊन तसेच उभे राहिले. टेबलावर एक लख्ख चौकोन होता, बाजूनं धूळ आणि मधे काही नाही. सकाळी या टेबलासमोर बसून त्यांनी चहा घेतला होता. सगळा कप संपेपर्यंत तो चौकोन त्यांच्या समोर होता आणि त्यांना तो दिसला नव्हता.

त्यांनी यंत्र जपून त्या जागेवर ठेवलं. थोडं सरकवलं, कडा जुळवल्या.

खालून हॉर्न वाजला, एकदाच, आखूड. लिफ्टमास्तरांनी खिडकी उघडली, बाहेर वाकले आणि तिला नावानं हाक मारली.

आवाज अख्ख्या पार्किंगमध्ये घुमला. सेक्रेटरीनं वर पाहिलं आणि मग इकडेतिकडे बघू लागला. बारा वर्षं तो या इमारतीचा कारभार बघत होता, पण त्या नावाचं कोणी इथं राहतं, हे त्याला माहीत नव्हतं.