माणसं बसली की लाईट जातात

माझं वायरिंग परत येत नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसले असते तर स्वारगेटला दुकान चाललं नसतं. रिक्षा असो, टेम्पो असो, नाहीतर खराडीच्या कंपनीच्या पिकअपच्या गाड्या असोत, जिनतने एकदा वायर ओढली की गाडी भंगारात जाईपर्यंत दिवे लागतात. अब्बांनी, म्हणजे रज्जाकमिस्त्रींनी, मला पंधराव्या वर्षी हाताशी घेतलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की दिव्याला एकच वायर न्यायची. परतीची वायर ओढायची नाही, कारण परतीचा करंट गाडीच्या लोखंडी बॉडीतून बॅटरीकडे येतो. याला आम्ही बॉडी अर्थ म्हणतो. वायर निम्मी लागते आणि काम झटपट होतं. वीस वर्षं मी तेच केलं आणि कुणाच्या बापाला घाबरले नाही.

म्हणून २००४ च्या ऑक्टोबरात योगेश सरांचा फोन आला तेव्हा मला रागच आला. हे योगेश सर त्या खराडीच्या कंपनीतले अॅडमिनचे साहेब. वय अठ्ठावीस असेल, पण बोलणं असं की पुणे यांच्याच परवानगीने वसलंय. कंपनीने खडकवासल्याच्या पुढे, बॅकवॉटरला, आपल्या लोकांच्या करमणुकीसाठी एक क्लबहाऊस बांधलं होतं आणि एक बोटही घेतली होती. फायबरची, पंधरा माणसं बसतील अशी, वर छप्पर, कडेने पाइपची रेलिंग. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून दमलेली माणसं शुक्रवारी संध्याकाळी तिथे येऊन पुन्हा बसायची. फेब्रुवारीत त्या बोटीचे नऊ दिवे मीच बसवले होते, सहा छताला आणि तीन बाहेरच्या बाजूला.

योगेश सर म्हणाले की दोन शुक्रवार झाले, पाण्याच्या मध्यावर दिवे मिणमिणतात आणि जातात. मी विचारलं, बॅटरी बघितली का? बघितली होती, फुल होती. रिकाम्या बोटीत दिवे झकास लागत होते. मग मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं, की माझं वायरिंग परत येत नाही, बोट चालवणाऱ्याला विचारा तो काय उद्योग करतो ते. त्यावर ते म्हणाले, “तो म्हणतो, माणसं बसली की लाईट जातात.”

आम्ही दोघंही पोटभर हसलो. माणसं बसली की लाईट जातात, म्हणे. माणसांनी काय दिव्यांवर बसायचं असतं? ते हसू मला आजही आठवतं, कारण त्या हसण्यापायीच एका माणसाची नोकरी जायची वेळ आली.

पुढच्या शुक्रवारी सकाळी तो माणूस माझ्या दुकानात उभा राहिला. रामदास नाव. बॅकवॉटरच्या काठच्याच गावचा, पंचेचाळिशीचा, अंगाने काटक. पहाटेची एसटी पकडून आला होता. त्याने खिशातून एक पत्र काढून काउंटरवर ठेवलं. पत्रात लिहिलं होतं की बोटीच्या बॅटरीवर खाजगी रेडिओ आणि मोबाईल चार्जर लावून, वायरिंगमध्ये ढवळाढवळ केल्याबद्दल आज संध्याकाळपासून त्याला कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली आधार म्हणून एक ओळ होती: वायरिंग करणाऱ्या मेकॅनिकच्या मते वायरिंग निर्दोष.

म्हणजे मी.

मला वाटलं आता हा रडेल, नाहीतर पाया पडेल, आणि मला दोन्हीचा वैताग आहे. तो यातलं काही करेना. त्याने सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “ताई, माझ्याकडं रेडिओ न्हाई. मोबाईल बी न्हाई. तुमी एकदा येऊन बोटीत बसा. बाकी काय करू नका. फकस्त बसा.”

मी म्हटलं, रामदासभाऊ, आज माझ्याकडे चार रिक्षा उभ्या आहेत. तो म्हणाला, मग मी बी हितंच उभा हाय. आणि खरंच उभा राहिला. पाणी दिलं तर घेतलं, स्टूल दिलं तर बसला नाही. गिऱ्हाईक त्याला वळसा घालून आत यायला लागलं. शेवटी आतून अब्बा खेकसले की एकतर त्याला कामावर ठेव नाहीतर त्याच्याबरोबर जा. मी पान्हे आणि टेस्ट लॅम्प पिशवीत टाकले आणि स्कूटर काढली.

आम्ही पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. सहा वाजता कंपनीचे परदेशी पाहुणे बोटीत बसणार होते, म्हणून योगेश सर आधीच येऊन सगळ्यांना घाई करत होते. रामदासच्या जागी नवीन माणूसही आला होता, धक्क्यावर चहा पीत होता. मला बघून योगेश सर खूश झाले. त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूने आले आहे. त्यांनी फाइलमधून एक छापील फॉर्म काढला. बिघाडाचं कारण या रकान्यात आधीच टाईप केलं होतं: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. माझी फक्त सही हवी होती. म्हणाले, “मॅडम, जस्ट फॉर्मॅलिटी. एचआरला क्लोज करायचंय.”

मी म्हटलं, आधी बोट बघते.

रिकाम्या बोटीत गेले, बटण दाबलं, नऊच्या नऊ दिवे लागले. फ्यूज चोख, बॅटरी भरलेली, एका जोडालाही कुणाचा हात लागलेला नव्हता. माझ्या गाठी मला ओळखता येतात. योगेश सर धक्क्यावरून हसत होते. मी रामदासकडे वळून म्हटलं, बघा, लागतात की. तो म्हणाला, “मी बसा म्हनलं हुतं.”

मग मी बसले. चिडून, धपकन, बाकावर, पाठ मागे रेलिंगला टेकवून.

दिवे गेले.

मी उठले. दिवे आले. परत बसले, पाठ टेकवली, तीन विझले आणि बाकीचे पिवळे पडले. पाठ सरळ केली की पुन्हा पांढरे. दुसऱ्या वेळी पाठ टेकवतानाच मला सगळं कळून चुकलं होतं. तरी मी टेस्ट लॅम्प काढला. टेस्ट लॅम्प म्हणजे दोन वायरींना लावलेला साधा बल्ब, मिस्त्रीचा तेवढाच खरा साक्षीदार. एक टोक बॅटरीच्या प्लसला लावलं आणि पाठीचा भार रेलिंगवर तसाच ठेवून दुसरं टोक पाइपांवरून सरकवत नेलं. मागच्या पाइपवर बल्ब लख्ख. जोड ओलांडून पुढच्या पाइपवर आले, तर बल्ब मेल्यासारखा.

अहो, फायबरच्या बोटीला कसली बॉडी आणि कसला अर्थ! फायबरमधून करंट जात नाही हे शाळेतलं पोरही सांगेल. पण माझ्या हाताला वीस वर्षांची सवय. फेब्रुवारीत मी प्रत्येक दिव्याला एकच वायर नेली आणि परतीसाठी जे लोखंड दिसलं त्याला बांधून मोकळी झाले. छताचा सांगाडा, मग रेलिंग, मग मागे बॅटरी. बोटीला मी रिक्षा समजले. कोरड्या उन्हाळ्यात चाललं. पावसाळ्यात पाइपांच्या जोडांत गंज चढला, आणि मग चार माणसांनी पाठ टेकवली की जोड हलायचे आणि करंटची वाटच बंद व्हायची. रिकाम्या बोटीत कोण पाठ टेकवणार? माणसं बसली की लाईट जातात. रामदासने अक्षरशः बिघाड सांगितला होता आणि मी, वीस वर्षांची मिस्त्री, त्याच्यावर हसले होते.

योगेश सर बोटीत आले. दिवे जाताना त्यांनीही पाहिलं होतं. पण त्यांनी त्याचा अर्थ त्यांच्या सोयीने लावला, की रामदासनेच जोड ढिले केले असणार. ते हळू आवाजात म्हणाले की मॅडम, तुम्ही नट आवळून टाका, सही करा आणि विषय संपवा. पुढच्या महिन्यापासून कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं काम तुमच्याकडेच द्यायचं ठरतंय.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मी तो विचार केला. नट आवळले असते तर ती संध्याकाळ निभावली असती. माझं नाव राहिलं असतं, अब्बांचं राहिलं असतं. नवीन माणूस चहा पिऊन तयारच होता. रामदास टोकाला उभा होता आणि पाण्याकडे बघत होता. त्याला माहीत नव्हतं मला काय कळलंय ते. 

मी फॉर्म घेतला. टाईप केलेली ओळ खोडली, कागद फाटेस्तोवर खोडली, आणि वर लिहिलं: मूळ वायरिंग चुकीचं. परतीची वायर ओढलेली नाही. वायरिंग करणारी, जिनत रज्जाक शेख. खाली सही ठोकली.

“हे काय आहे?” योगेश सरांनी विचारलं.

“चूक आहे,” मी म्हटलं. “माझी आहे. यांची नाही. यांनी पहिल्या दिवशी बरोबर सांगितलं होतं आणि आपण दोघं हसलो होतो. आता ते पत्र मागे घ्या.”

त्यांचा चेहरा आंबला. म्हणाले, असं असेल तर तुम्ही कशालाच हात लावू नका, मी दुसरा इलेक्ट्रिशियन बोलावतो, आणि पत्राचं सोमवारी बघू. मी म्हटलं, सोमवारी कशाला? पत्र आजपासून लागू आहे ना, मग उत्तरही आजच लागू होईल. दुसरा इलेक्ट्रिशियन पुण्यातून येईपर्यंत तुमचे पाहुणे अंधारात बसतील. आणि मी इथून उतरणार नाही. माझी घाण मी साफ केल्याशिवाय ही बोट धक्का सोडायची नाही, सोडलीच तर मला घेऊन सोडा. ते मोबाईल कानाला लावून धक्क्यावर गेले. तिथे रेंज नव्हती.

मी काळ्या वायरचं बंडल सोडलं. नऊ दिवे, प्रत्येकाला परतीची स्वतःची वायर, सगळ्या मागे एका पट्टीवर आणून तिथून थेट बॅटरीच्या मायनसला. लोखंडाला बांधलेलं एकूण एक टोक कापलं. रामदासने न सांगता वायर धरली, क्लिपा ठोकल्या. तीन तास आम्ही मान वर केली नाही. एकदाच त्याने विचारलं की आता रेलिंग मोडून पडली तरी चालंल का, आणि मी म्हटलं, पडली तरी दिवे लागतील, माणसं पडतील तेवढी.

पावणेसहाला पाहुण्यांची गाडी वळणावर दिसली. मी बटण दाबलं. दिवे लागले, पण रिकाम्या बोटीत तर ते आधीही लागत होते. रामदास धक्क्यावर गेला आणि योगेश सरांसमोर उभा राहिला.

“साहेब, बसा,” तो म्हणाला.

ते बसले. काय करतात, गाडी येत होती. नवीन माणसालाही बसवलं, क्लबहाऊसच्या दोन वेटरनाही. मग रामदासने स्वतः रेलिंग दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. सगळी बोट डचमळली, योगेश सरांनी बाक घट्ट धरला. एकही दिवा डोळा मिचकावेना.

मग रामदासने माझ्याकडून तो फॉर्म मागून घेतला. उभ्याउभ्या वाचला, एकेक अक्षर लावत, मोठ्याने. मूळ वायरिंग चुकीचं. वायरिंग करणारी, जिनत रज्जाक शेख. चार माणसांसमोर माझं नाव आणि माझी चूक अशी एकत्र ऐकताना मला पाण्यात उडी मारावीशी वाटली, पण मी मान खाली घातली नाही. वाचून झाल्यावर त्याने खिशातलं पत्र काढलं, घडी सरळ केली आणि योगेश सरांच्या हातात दिलं.

“हे तुमचं हाय,” तो म्हणाला आणि चालकाच्या जागेवर जाऊन बसला. नवीन माणूस उतरला. योगेश सरांनी गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्यांकडे बघितलं, पत्राकडे बघितलं, आणि ते पत्र फाइलमध्ये कोंबलं.

कंपनीच्या गाड्या त्यानंतर माझ्याकडे आल्या नाहीत. न येवोत. रामदास अजून तीच बोट चालवतो. मला त्याने थँक्यू म्हटलं नाही, आणि का म्हणावं? त्या संध्याकाळी इंजिन चालू करताना त्याने एवढंच विचारलं की ताई, परत माझं कुणी ऐकलं न्हाई तर तुमच्या दुकानात उभं ऱ्हायचं का.

मी म्हटलं, उभं नाही राहायचं. स्टूल दिलं की बसायचं.