फोटो कुणीच पाहिला नव्हता

पंधरा वर्षं गल्लीतली पोरं सिमांगचं सुमान खाऊन वाढली होती. नारळाच्या दुधात शिजवलेला तो चिकट भात केळीच्या पानात गुंडाळून ती शाळेच्या फाटकाशी बसायची, आणि शाळा सुटली की तिचं बांबूचं सूप हां हां म्हणता रिकामं व्हायचं. सोमवारी मात्र आयांनी पोरांना बखोटीला धरून पलीकडच्या बाजूने नेलं.

सिमांगने शेजारच्या ग्लोरिनाचं दार ठोठावलं. ग्लोरिनाच्या धाकटीची ती धर्मआई, त्या नात्याने दोघी एकमेकींना 'मारे' म्हणायच्या. तरी बाई उंबऱ्याबाहेर आली नाही.

"राग मानू नकोस, मारे. पोरं पळवणारी बाई फिरतेय, फेसबुकवर आलंय. गोड खायला देते आणि उचलते. खाली फोटोपण आहे."

"कुणाचा?"

"मला कुठे दिसतोय? फुकटचं नेट माझं. अक्षरं येतात, फोटोच्या जागी राखाडी चौकोन."

"मग ती मीच कशावरून?"

"गोड कोण विकतं इथे? आणि चारशे जणांनी पुढे पाठवलंय. चारशे जण काय वेडे आहेत?"

सिमांगने अख्खी गल्ली पालथी घातली. फोटो न्हाव्याने पाहिला नव्हता, मास्तरणीनेही नाही. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या गावप्रमुख कप्तानाच्या बायकोने तर तो न पाहताच वर स्वतःची ओळ जोडली होती, 'मी हिला ओळखते.' उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात. इथे जिभेचेही कष्ट नकोत, अंगठा पुरे. याच तोंडांना आपण इतकी वर्षं भरवलं!

तिने रिचार्ज मारून फोटो उघडला. बर्फात उभी असलेली, लोकरी कोटातली कुणी गोरी तरुणी. फोन घेऊन ती तशीच ग्लोरिनाकडे गेली. चार बायका जमल्या, सगळ्यांनी निरखून पाहिलं.

"कोट सोडा," ग्लोरिना म्हणाली, "पण नाक बघा. नाक थोडं आपल्या सिमांगसारखंच नाही?"

कुणीतरी तेवढ्यात सिमांगचाच फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो 'सापडली!' म्हणून गावोगाव गेला.

दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन दोन गावं पलीकडे चालत गेली. पोट कुणाला चुकलंय? एका तरुण आईने चार सुमान घेतली, प्यायला पाणी दिलं, वर मायेने बजावलं, "जपून फिरा हं, मावशी. पोरं पळवणारी बाई इकडेच आहे म्हणे. सापडली होती, निसटली."

"फोटो पाहिलास तिचा?"

"नाही हो, माझंही फुकटचंच. पण थांबा, समोरच्या दुकानातून रिचार्ज मारून येते. तोंड तरी कळू दे मेलीचं."

बाई रस्ता ओलांडेपर्यंत सिमांगला सहज निघून जाता आलं असतं. पण न बघताच बोलणाऱ्या त्या माणसांपासून पळायचीही तिला आता किळस आली होती. तिने सूप खाली ठेवलं आणि पायरीवर बसली.

"जा, मार रिचार्ज," ती म्हणाली. "मी इथेच आहे. आधी बघते म्हणणारी तू पहिलीच."