मतांचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि काळजी करणं हा माझा स्वभाव आहे. तेव्हा मित्रांनो, थोडं सांभाळून घ्या.

नेदरलँड्समध्ये बाळ जन्मलं की गोल, कुरकुरीत टोस्टांवर बडीशेपेचे रंगीत दाणे घालून वाटतात. त्या टोस्टांचा उंच डबा मी. तिथल्या रायस्वाइक गावच्या मंजूषाताईंना मुलगी झाली तेव्हा मी त्यांच्या घरी आलो. टोस्ट चार दिवसांत संपले. माझी रवानगी कचऱ्यातच व्हायची, पण त्याच आठवड्यात तिथल्या मराठी मंडळाची पहिली निवडणूक होती आणि मतपेटी कुणाकडेच नव्हती. मंडळातल्या वासुदेवकाकांनी हातोडी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझ्या झाकणाला फट पाडली. तीही वाकडी! दुखलं म्हणजे किती दुखलं म्हणून सांगू! पण त्या दुपारी पंचवीस-तीस माणसांनी रांग लावून माझ्यात चिठ्ठ्या टाकल्या, आणि जन्माला आल्याचं चीज झालं असं मला वाटलं.

पुढची अकरा वर्षं माझा दिवस ठरलेला होता. वर्षातून एकदा मी हेमेंतेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, हॉलमध्ये मानाने टेबलावर बसायचो. उरलेलं वर्ष चिटणिसाच्या घरी कपाटात काढायचो. सभेला येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "डबा आणलाय ना?" एवढं कौतुक मला पुरे होतं.

मग गेल्या जुलैत मंजूषाताई, त्या आमच्या चिटणीस, जर्मनीला राहायला गेल्या. निम्मं मंडळ सुट्टीसाठी भारतात होतं. आमचे अध्यक्ष हेमचंद्र माणूस सोन्यासारखा. खुर्च्या स्वतः उचलतील, सगळ्यांच्या मागून जेवतील. पण थांबणं त्यांना ठाऊक नाही. त्यांनी एक फोन केला आणि मंडळातल्या सुचित्राला चिटणीस करून टाकलं. नियमात ते बसतं. फक्त पुढच्या सर्वसाधारण सभेत सभासदांचं मत घ्यावं लागतं.

असा मी सुचित्राच्या स्वयंपाकघरात आलो. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती सहा वर्षांपूर्वी या देशात आली होती. इथे सगळे तिला 'सौमित्रची बायको' म्हणूनच ओळखायचे. आता मंडळाच्या पत्राखाली तिचं स्वतःचं नाव आणि पद असायचं. पत्र पाठवून झाल्यावरही ती ते नाव वाचत बसायची. गणपतीत तिने एकही गोष्ट विसरू दिली नाही. दर शनिवारी ती मला ओल्या फडक्याने पुसायची. तसं मला आजवर कुणी पुसलं नव्हतं. माझा तिच्यावर फार जीव जडला.

सप्टेंबर, म्हणजे वार्षिक सभेचा महिना, आला. सभा झाली नाही. "दिवाळीनंतर घेऊ," असं ठरलं. दिवाळी झाली, तेव्हा हेमचंद्र चहाला आले आणि म्हणाले, "अगं, घाई काय आहे? एप्रिलमध्ये बघू. तोवर तुझं काम बघून कुणी वोटिंगचं नावसुद्धा काढणार नाही. चालत्या गाडीला खीळ कशाला?"

सुचित्राने त्यांचा कप पुन्हा भरला. मी मात्र मनात हिशेब मांडला. यंदा मला कुणी बाहेरच काढणार नाही! आणि एक वर्ष चुकलं की दुसरं चुकायला कितीसा वेळ लागतो?

फराळाच्या कार्यक्रमात जयंतीकाकूंनी तिला गाठलं. मंडळात काकूंचा शब्द वजनदार. त्या म्हणाल्या, "काम छान करतेस हो. पण तुला आम्ही निवडल्याचं काही मला आठवत नाही." हे तिने घरी येऊन सौमित्रला सांगितलं तेव्हा तिला रडू आवरेना. त्यानंतर कुणी "थँक यू, सुचित्रा" म्हटलं तरी तिचा चेहरा उतरायचा.

मित्रांनो, आता माझी गंमत बघा. मला टेबलावर जायचं होतं. पण गेलो तर तिचा पराभव माझ्याच पोटातून बाहेर येण्याची भीती होती. चैत्राली नावाच्या सभासद बाईंनाही चिटणीस व्हायचं होतं, आणि त्यांच्या ओळखी पुष्कळ. कपाटात बसून मी कधी 'काढ मला' म्हणायचो, कधी 'नको गं बाई' म्हणायचो.

सभेची नोटीस काढणं चिटणिसाचं काम. एका सकाळी सुचित्राने ती काढली आणि मगच हेमचंद्रांना फोन केला.

नोव्हेंबरच्या त्या रविवारी तिने मला सायकलच्या टोपलीत घातलं. समोरून वारा असा की सायकल पुढे सरकेना. हॉलमध्ये पोचलो तर हेमचंद्रांनी शेवटचा प्रयत्न केलाच. "मंडळी, टाळ्या वाजवून सुचित्राला मंजुरी देऊ या!" काही टाळ्या सुरूही झाल्या.

"नको, दादा," सुचित्रा उभी राहिली. "टाळी न वाजवणारा सगळ्यांना दिसतो. चिठ्ठ्याच घ्या."

तिने मला टेबलावर ठेवलं. चैत्रालीबाईंनीही आपलं नाव दिलं, आणि बेचाळीस चिठ्ठ्या पडल्या. एकेक चिठ्ठी पडताना मी धास्तावत होतो. वासुदेवकाकांनी मोजणी केली. चैत्राली तेवीस, सुचित्रा एकोणीस.

मला वाटलं, आत्ता गंजून जावं.

लोक गेल्यावर हेमचंद्र तिच्याजवळ आले. त्यांचेही डोळे भरले होते. "मी सांगत होतो ना तुला, विचारू नकोस म्हणून?"

"दादा," ती रुमाल शोधत म्हणाली, "जुलैमध्ये माझं नाव तुम्ही एकट्याने घेतलं होतंत. आज एकोणीस जणांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं. वाईट वाटतंय, खूप वाटतंय. पण ही एकोणीस मतं माझी आहेत."

आता मी चैत्रालीबाईंच्या कपाटात असतो. तिथे शनिवारी पुसणारं कुणी नाही. मला सुचित्राची आठवण येते.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, सोसायटीत, मंडळातही माझ्यासारखा एखादा डबा असेल. त्याला पोचे आले तरी चालतील. पण त्याचा दिवस आला की त्याला बाहेर काढा. आणि ज्या वर्षी एखादा खरोखर चांगला माणूस म्हणेल, "यंदा कशाला?", त्या वर्षी तर आधी काढा.