निम्मा बंपर

पहिली थोबाडीत बसली तेव्हा तिच्या हातात फडकं होतं आणि गाडीच्या निम्म्या बंपरला कोटिंग लागलं होतं, त्यातला हातभर पट्टा पुसायचा राहिला होता.

"अहो, जरा थांबा," ती गुडघ्यांवर बसूनच म्हणाली. "हे वाळायच्या आत पुसायला हवं."

नवरा थांबणाऱ्यातला नव्हता. ड्रायव्हरकी सुटल्यापासून तो घरी बसून होता आणि रिकामं मन सैतानाचं घर. बायको दिवसभर पुरुषांच्या गराड्यात असते, हे त्या मनात एकसारखं घोळत होतं. आज तुला कायमची घरी आणतो, असं त्यानं सकाळीच सुनावलं होतं. तिला वाटलं, बोलतो तसं करायला अंगात दम लागतो. तो त्यानं येताना पिऊन आणला होता.

गॅरेजच्या मालकानं मागच्या खेपेलाच बजावलं होतं, घरची भांडणं पुन्हा इथे आली तर उद्यापासून येऊ नका. म्हणून ती ओरडली नाही. काम गेलं असतं तर त्या दोन खोल्यांत दिवसभर त्याच्यासमोर राहावं लागलं असतं. त्यापेक्षा मार परवडला.

रंगीत पत्र्याला कोटिंग करायला तिथे हौसेनं माणसं मिळत. चकाकतं काम कुणाला नको असतं? काळं, खरबरीत प्लास्टिक, म्हणजे बंपर, चाकांवरच्या पट्ट्या, आरशांची टोपणं, हे सगळं तिच्या वाट्याला यायचं. प्लास्टिक उन्हानं राखाडी पडू नये, त्यावर पाणी ठरू नये म्हणून लावतात ते कोटिंग मोठं तऱ्हेवाईक. थोडंसं पसरायचं आणि वाळायच्या आत पुसून सारखं करायचं. उशीर झाला की डाग कायमचा. पत्र्यावरचा डाग घासून जातो, खरबरीत प्लास्टिकवर घासलं तर प्लास्टिकच जातं. इतका धीर कुणाच्या हाताला नव्हता, म्हणून ते काम वहिनीचं. सगळे तिला वहिनीच म्हणत. पॉलिशवाला तर तिच्या डब्यातलं हक्कानं खायचा.

दुसरा फटका कानावर बसला आणि कानात शिटी वाजायला लागली. ती पुसत राहिली. त्यानं केस धरून तिचं डोकं बंपरवर आपटलं. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. पॉलिशवाल्यानं मशीन बंद केलं आणि तो बघत उभा राहिला. गाड्या धुणाऱ्या दोघांनी पाणी बंद केलं. मालक केबिनच्या दारात येऊन म्हणाला, काय ते बाहेर जाऊन करा.

तिनं आधी बंपरवरचं रक्त पुसलं, मग डोळा. नवऱ्याला तेच झोंबलं. ती रडली असती, पाया पडली असती, तर कदाचित त्याचा राग निवला असता. त्यानं तिला दंडाला धरून मागे खेचलं. हातमोज्यातली चार बोटं ओल्या कोटिंगवरून घसरत गेली. मग सगळा राग पायात आणून त्यानं लाथ घातली. तिला नव्हे, बंपरला.

बंपर कडकन तडकला आणि गॅरेजला जाग आली.

सगळ्यात आधी पॉलिशवाला धावला. हातातलं मशीनच त्यानं नवऱ्याच्या तोंडावर हाणलं. दात फरशीवर पडलेला तिनं पाहिला. धुणाऱ्यांनी त्याला आडवा केला आणि पोटात, बरगड्यांत, सापडेल तिथे लाथा घातल्या. मालकानं चाकाचा पाना त्याच्या गुडघ्यावर घातला, तेव्हा आवाज बंपर तडकल्यासारखाच आला. "कोरी गाडी आहे, हरामखोरा," तो धापा टाकत म्हणत होता. "गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू?"

नवरा आईच्या नावानं ओरडत होता. तिला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. मग मालकाचं बोलणं कानात शिरलं आणि त्या बरं वाटण्याची तिला शिसारी आली.

शेवटी मध्ये पडली ती तीच. मालकाचा पान्याचा हात तिनं धरला. "पुरे. मरेल तो."

त्याला गाडीत घालून दवाखान्यात पाठवल्यावर मालक हात धूत म्हणाला, "आता तुमच्या वाटेला जायचा नाही, वहिनी. आम्ही आहोत तुमच्या पाठीशी."

भुवईवर फडकं दाबून ती उभी होती. "माझं डोकं आपटलं तेव्हा कुठं होतात?"

मालकानं पॉलिशवाल्याकडे पाहिलं. "नवरा-बायकोच्या मध्ये कोण पडणार?"

"मग बंपर तुमचा कोण लागतो?"

धुणाऱ्यानं फरशीवर पाणी सोडलं.

संध्याकाळी ती घरी न जाता थोरल्या बहिणीकडे गेली आणि तिथेच राहिली. काम सोडलं नाही. मालकालाही तिला जा म्हणायला तोंड उरलं नव्हतं. पॉलिशवाला डबा घेऊन लांब बसायला लागला. त्या गाडीला नवा बंपर आला, त्याचं कोटिंगही तिनंच केलं.

तडकलेला बंपर गॅरेजच्या मागे भिंतीला टेकून पडून राहिला. ऊन-पाऊस खाऊन त्याची निम्मी बाजू विटक्या चादरीसारखी राखाडी झाली. तिनं पुसलेली निम्मी काळीभोरच राहिली आणि ती जिथे संपत होती तिथे चार बोटांचे फराटे होते. डबा धुवायला मागे गेली की ती त्यांच्यावर ओंजळभर पाणी टाकायची. पाणी तिथे ठरत नसे, थेंब थेंब होऊन घरंगळून जाई. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती उभी राही, मग डबा पुसून आत जाई.